गोळीने हात थांबतो, पण स्वभाव बदलतो तेव्हा : पार्किन्सन्सची औषधं आणि वागण्यातले बदल



आजचा विषय जरा अवघड आहे. आजार समजायला कठीण आहे असं नाही. ज्या गोष्टी बोलायच्या आहेत त्या आपण घरात बोलत नाही, म्हणून अवघड. पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, त्या आजाराबद्दल आता बऱ्यापैकी माहिती पोचली आहे. हात थरथरतो, अंग ताठ होतं, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं, हे लोकांना ठाऊक असतं. त्यावर गोळ्या आहेत आणि त्या लागू पडतात हेही ठाऊक असतं. पण याच गोळ्यांपैकी काहींमुळे माणसाचं वागणं बदलू शकतं, ही गोष्ट फार थोड्या घरांपर्यंत पोचलेली आहे.

व्याख्यानाचं सार आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मधेच उठून गेलं तरी तेवढं बरोबर नेईल. पार्किन्सन्सच्या काही औषधांमुळे जुगार, उधळपट्टी, खाणं किंवा कामवासना अनावर होऊ शकते. हा औषधाचा परिणाम आहे, माणसाच्या चारित्र्याचा दोष नाही. डॉक्टरांना वेळेत सांगितलं तर बहुतेक वेळा तो आटोक्यात आणता येतो. आणि गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. आता याच चार गोष्टी उलगडून सांगतो.

आधी आजार, मग औषधं

आपल्या मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू मरतात. डोपामिन कमी पडलं की हालचालींचा ताल बिघडतो. लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, पण कारण कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे वाढत्या मात्रेत देऊन दाखवलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली.

लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. आजही हेच सगळ्यात परिणामकारक औषध आहे. दुसरा गट आहे डोपामिन अ‍ॅगोनिस्टचा. ही औषधं स्वतः डोपामिन बनत नाहीत, डोपामिनचा वेष घेऊन त्याच्या जागेवर जाऊन बसतात. आपल्याकडे यातली प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही दोन जास्त वापरली जातात. लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेतल्यावर अंग आपोआप वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून वय कमी असलेल्या रुग्णांना पुष्कळदा अ‍ॅगोनिस्ट आधी देतात. हा निर्णय चुकीचा नाही. फक्त त्याची एक किंमत असू शकते, आणि ती घरच्यांना माहीत असायला हवी.

तुमच्या घरात कोणी या गोळ्या घेत असेल, तर आज घरी गेल्यावर पाकिटाच्या मागचं औषधाचं मूळ नाव वाचा. कंपनीचं नाव वेगवेगळं असतं, मूळ नाव एकच असतं. आणखी एक. रात्री पायांत अस्वस्थ वळवळ होते, झोप लागत नाही, या तक्रारीवरही यातल्या काही गोळ्या कमी मात्रेत देतात. म्हणजे पार्किन्सन्स नसलेल्या माणसालाही आजचं बोलणं लागू पडू शकतं.

वागण्यात नेमकं काय बदलतं?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, धारूर तालुक्यातले एक आबा आहेत. वय अठ्ठावन्न. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने न पिणारे. पार्किन्सन्स झाला, गोळ्या सुरू झाल्या, हात सुधारला, शेतात जाऊ लागले. घर खूश. सात-आठ महिन्यांनी आबा रोज तालुक्याला जायला लागले. आधी लॉटरीचं तिकीट, मग मटका, मग पत्ते. सोयाबीनचे पैसे घरी आलेच नाहीत. विचारलं तर चिडतात, खोटं बोलतात. गावात कुजबुज सुरू होते, 'म्हातारपणी चळ लागला.' घरात कोणाच्या डोक्यातही येत नाही की याचा गोळीशी संबंध असेल.

असे बदल साधारण चार प्रकारांत दिसतात. पहिला जुगार. दुसरा खरेदी : गरज नसताना शेळ्या घेणं, मोबाइलवरून वस्तू मागवत राहणं, भेटेल त्याला पैसे वाटणं. तिसरा खाणं. पोट भरलेलं असतानाही, विशेषतः रात्री, गोडधोड खात राहणं. मधुमेह असेल तर हे आणखीच धोक्याचं. चौथा प्रकार कामवासना वाढणं. यावर कोणीच बोलत नाही. नवरा पत्नीकडे सतत मागणी करतो, वय आणि आजारपण बघत नाही, मोबाइलवर नको ते बघत बसतो, कधी परक्या बाईशी असभ्य वागतो. ती पत्नी हे कोणाला सांगणार? सुनेला? मुलाला? ती गप्प राहते. काही घरांत मारहाणीपर्यंत आणि घर मोडण्यापर्यंत गोष्टी जातात.

याखेरीज एक विचित्र प्रकार आहे. त्याला पंडिंग म्हणतात. हा शब्द स्वीडनमधल्या नशेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बोलीतून आला. यात माणूस एकच निरर्थक काम तासन्‌तास करत राहतो. मोटार उघडायची, भाग मांडायचे, परत जोडायची, परत उघडायची. बाईमाणूस असेल तर तीच साडी परत परत घडी घालणं, निवडलेलीच डाळ पुन्हा निवडणं, रात्री दोन वाजता डबे पुसत बसणं. जेवणखाण, झोप विसरून. घरच्यांना वाटतं, बरं झालं, कामात मन रमलं. पण अडवलं की माणूस भडकतो, तेव्हा ओळखावं की हे रमणं नव्हे.

पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही हे होतं. जुगार आणि कामवासना पुरुषांत जास्त दिसते, खरेदी आणि खाणं स्त्रियांत. बाईचा त्रास लवकर लक्षात येत नाही, कारण तिच्या हातात मुळात पैसाच कमी असतो.

असं का होतं?

माजलगावच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, म्हणून धरणातून पाणी वाढवून सोडलं. टेलला पाणी पोचलं, पीक वाचलं. पण कालव्याच्या तोंडाशी असलेल्या रानात आधीच ओल होती. तिथे पाणी तुंबलं.

मेंदूत तसंच होतं. हालचाली सांभाळणारा भाग डोपामिनअभावी आधी सुकतो. सुख, ओढ, बक्षिसाची आस सांभाळणारा भाग मात्र सुरुवातीच्या वर्षांत बराचसा शाबूत असतो. औषध तर सगळीकडे पोचतं. ज्या भागाला कमी होतं त्याची भरपाई होते आणि ज्याला पुरेसं होतं तिथे जास्त होतं. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ज्या प्रकारच्या जागांवर जास्त घट्ट बसतात, त्या जागा नेमक्या या ओढीच्या भागात अधिक आहेत.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं की मेंदूत डोपामिन उसळतं. अपेक्षाभंग झाला की ते क्षणभर खाली जातं. ही खाली जाण्याची खूण म्हणजे मेंदूचा धडा : 'इथे परत येऊ नकोस.' औषध सतत जागा धरून बसलेलं असल्यामुळे ही खूण नीट उमटत नाही. २००४ साली मायकल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या अवस्थेत रुग्ण फायद्यावरून चांगले शिकत होते. औषधाविना असताना ते तोट्यावरून चांगले शिकत होते. आता आपल्या आबांकडे बघा. जिंकलेले दोनशे त्यांना आठवतात, हरलेले वीस हजार मनाला लागत नाहीत. 'इतकं हरून शहाणपण कसं येत नाही?' हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की ज्या यंत्रणेने शहाणपण यायचं तिच्यावरच औषध बसलेलं आहे.

किती जणांना होतं?

अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३.६ टक्के रुग्णांत या चारपैकी किमान एक प्रकार आढळला. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. फ्रान्समध्ये रुग्णांवर काही वर्षं सलग लक्ष ठेवलं गेलं. २०१८ साली आलेल्या त्या निष्कर्षानुसार पाच वर्षांच्या काळात जवळपास ४६ टक्के रुग्णांना कधी ना कधी असा त्रास झाला. म्हणजे एकदा विचारून भागत नाही. पहिल्या वर्षी काही नव्हतं म्हणून तिसऱ्या वर्षी होणार नाही असं नाही.

धोका कोणाला जास्त? ज्यांचं वय कमी, जे अविवाहित आहेत, जे धूम्रपान करतात, ज्यांच्या घराण्यात जुगाराचा इतिहास आहे, आणि ज्यांची मात्रा जास्त किंवा औषधाचा काळ लांबलेला आहे. पण यातलं काहीच नसलेल्या साध्यासरळ माणसालाही होऊ शकतं, हे विसरू नका.

फ्रान्समधलंच एक प्रकरण न्यायालयात गेलं. रोपिनिरोल घेणाऱ्या एका रुग्णाने घरची बचत जुगारात घालवली होती. २०१२ मध्ये रेन इथल्या अपील न्यायालयाने त्याला औषध कंपनीकडून जवळपास दोन लाख युरोंची भरपाई देवविली. आता या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा छापलेला असतो. बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. आपल्या गावात तो कोण वाचणार, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे लपून का राहतं?

बीड जिल्ह्याची काही कारणं स्वतःची आहेत. दसरा-दिवाळीनंतर इथली गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. कोयत्यावर गेलेला मुलगा आणि सून चार-सहा महिने घरी नसतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. ज्याच्या वागण्यात बदल झाला त्याला रोज पाहणारं जाणतं माणूसच घरात नसतं. त्यातच उचलीचे पैसे, पिकाचे पैसे घरात याच काळात येतात. मुलगा मार्च-एप्रिलमध्ये परततो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. मग भांडण पैशावर होतं, औषधावर होत नाही.

दुसरं कारण चिठ्ठी. मेंदूविकार तज्ज्ञ दाखवायला लोक छत्रपती संभाजीनगर, लातूर, सोलापूर किंवा पुण्याला जातात. एक खेप म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. म्हणून तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून वर्ष-दीड वर्ष गोळ्या आणल्या जातात. औषध चालू राहतं, तपासणी होत नाही.

तिसरं कारण लाज. डॉक्टर विचारतात, 'हात कसा आहे? चालणं कसं आहे?' जुगाराचं डॉक्टर विचारत नाहीत आणि घरचे सांगत नाहीत. दोघांनाही वाटतं, हा विषय दवाखान्याचा नाही.

घरच्यांनी काय करायचं?

पहिलं, औषध सुरू होताना डॉक्टरांना स्वतःहून सांगा : आधी कधी जुगार, दारू यांचं व्यसन होतं का, घराण्यात कोणाला होतं का.

दुसरं, एक साधी वही ठेवा. कोणती गोळी कधी सुरू झाली, मात्रा कधी वाढली, वागण्यात बदल कधी दिसला. तारखा शेजारीशेजारी आल्या की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. शाळेत जाणारी नातसुद्धा ही वही लिहू शकते.

तिसरं, दर महिन्याला चार गोष्टी तपासा : पैसा, खाणं, झोप आणि रात्रीचं वागणं, आणि एकाच कामात अडकून राहणं. दवाखान्यात गेल्यावर पत्नीला किंवा नवऱ्याला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. तशी मागणी करायला लाजू नका.

चौथं, पैशाला बांध घाला. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा कमी करता येते. मोठी रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशी सोय बँकेत करता येते. सातबारा आणि जमिनीची कागदपत्रं सांभाळून ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पण अड्डे कायद्याच्या बाहेर कायमच होते, त्यामुळे घरचा बांध लागतोच. हे सगळं रुग्णाला विश्वासात घेऊन करा. 'तुमच्यावर विश्वास नाही' असं म्हणू नका. 'या गोळीचा असा गुण आहे, म्हणून थोडे दिवस हिशोब मी बघतो' असं म्हणा. ते खरंही आहे.

पाचवं, आणि हे अधोरेखित करून घ्या : गोळ्या एकदम बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यास अंग लाकडासारखं ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. अ‍ॅगोनिस्ट एकदम तोडल्यास घबराट, घाम, चिडचिड, खोल उदासी येऊ शकते. मात्रा हळूहळू उतरवणं, अ‍ॅगोनिस्ट कमी करून लेव्होडोपावर जाणं, हे डॉक्टर ठरवतात. तसं केल्यावर बहुतेकांचं वागणं हळूहळू पूर्वपदावर येतं. एका दिवसात नाही.

सहावं, दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या. खाजकुइलीच्या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्ण अनेक जण घेतात. त्या बियांत लेव्होडोपाच असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ सालीच दाखवून दिलं आहे. गोळी आणि चूर्ण दोन्ही घेतलं तर मात्रा वाढते आणि डॉक्टरांना पत्ताच नसतो. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं. चक्करेवर सिनारिझिन आणि अर्धशिशीवर फ्लुनारिझिन देतात. या औषधांनी उलट कंपवातासारखीच लक्षणं येतात किंवा वाढतात.

जवळचं ठिकाण विचाराल तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथून जवळच लोखंडी सावरगावला वृद्धत्व आरोग्य व मानसिक आजार केंद्र आहे. जगणं नको असे विचार रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या मनात येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर कधीही बोला. मराठीत बोलता येतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*'माझ्या सासूबाईंना संध्याकाळी अंगणात लहान लेकरं दिसतात. गावात म्हणतात, बाहेरचं आहे.'*

ताई, हे भास आहेत आणि पार्किन्सन्समध्ये ते बऱ्यापैकी दिसतात. माणसं, लेकरं, कुत्री-मांजरी दिसणं नेहमीचं. कारण आजार असू शकतं, औषध असू शकतं किंवा दोन्ही. स्वस्त म्हणून सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वयस्कर माणसांत विसराळूपणा आणि भास वाढवते. अमँटाडीननेही भास होऊ शकतात. एकाएकी गोंधळ वाढला असेल तर लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं हेही तपासून घ्यावं लागतं. भगताकडे नेऊन वेळ घालवू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि भासांवर कोणी हॅलोपेरिडॉल देत असेल तर 'यांना पार्किन्सन्स आहे' हे आवर्जून सांगा, त्याने अंग आणखी जखडतं. या रुग्णांना चालतील अशी दुसरी औषधं आहेत.

*'वडील फक्त लेव्होडोपावर आहेत. मग आम्ही निश्चिंत राहायचं का?'*

धोका कमी आहे, शून्य नाही. तुमच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट बघा : ते ठरलेल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतात का? काही रुग्णांना गोळीने येणाऱ्या तरतरीचीच ओढ लागते. महिन्याची पट्टी वीस दिवसांत संपायला लागली, गोळ्या लपवून ठेवल्या जाऊ लागल्या, तर डॉक्टरांना कळवा.

*'डॉक्टरांना सांगितलं आणि गोळी कमी केली, तर परत अंथरूण धरतील ना?'*

ही भीती रुग्णालाही असते आणि म्हणूनच तोही लपवतो. हात चालू राहावा म्हणून घर मोडू द्यायचं, अशी निवड त्याच्यावर येऊ नये. एक औषध कमी करताना दुसऱ्याची मात्रा जुळवता येते. मधले काही आठवडे हालचाल थोडी मंदावेल, त्या काळात घरच्यांनी हात द्यायचा.

*'जे पैसे गेले त्याचं काय?'*

प्रत्येक व्यवहाराची गोष्ट वेगळी असते, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. उपचाराचे सगळे कागद, चिठ्ठ्या आणि ती वही जपून ठेवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पैशापेक्षाही एक गोष्ट आधी परत मिळवता येते. आबांना बसवून सांगा की हे तुमच्यामुळे झालं नाही, गोळीमुळे झालं, आणि आपण ते डॉक्टरांना सांगणार आहोत. आजवर खाली मान घालून बसलेला माणूस त्यानंतर स्वतःच बोलायला लागतो. तो बोलला की उपचार सुरू करता येतो.

वेळ संपत आली आहे, इथेच थांबतो.